मजुरीवरच रंधा

“मिस्त्री, मजुरीचं तेवढं जमवून घ्या की.” साताऱ्यात सदर बझार असो की सांगलीत विश्रामबाग, सुताराने टेप गुंडाळून आकडा सांगितला की घरमालकाच्या तोंडून आधी हेच निघतं. हाच घरमालक तासाभराने प्लायवूडच्या दुकानात जातो आणि दुकानदार सांगेल तो भाव मान्य करतो. बिजागऱ्यांचा डबा छापील किमतीला उचलतो. बिलाखालचा जीएसटी न वाचताच भरतो. सबंध खर्चात घासाघीस करायला त्याला एकच माणूस दिसतो, जो आठवडाभर त्याच्याच घरात राबणार आहे तो. मला हे पटत नाही. का पटत नाही, ते आकड्यांतच मांडतो.

एक साधं कपाट घ्या. 6 फूट रुंद, 7 फूट उंच, 2 फूट खोल, चार दारांचं. दर्शनी माप 42 चौरस फूट. बाजारात भाव सांगतात तो या 42 चा. पण कपाटाला तोंडाशिवाय पोटही असतं. दोन्ही बाजू 28 चौरस फूट, मधलं उभं पार्टिशन 14, वरचा-खालचा तळ 24, तीन बाय दोनच्या 6 फळ्यांचे 36 आणि दारांचे 42. बेरीज 144. प्लायवूडची शीट 8 बाय 4, म्हणजे 32 चौरस फुटांची. 18 एमएमच्या साडेचार शीट लागल्या. कापाकापीत जाणारं धरून 5. पाठीला 6 एमएमच्या 2. म्हणून “42 फुटाचं तर काम, एवढं प्लाय कसं लागलं?” हा प्रश्न मिस्त्रीवर फेकण्याआधी कपाटाच्या आत डोकं घालून मोजावं.

आता पैसे. 18 एमएमचा दर चौरस फुटाला 100 रुपये धरू, पाठीच्या प्लायचा 50. झाले 16,000 आणि 3,200. बाहेरून लॅमिनेट 3 शीट, दीड हजाराप्रमाणे 4,500. आतून पातळ लॅमिनेट 8 शीट, 700 प्रमाणे 5,600. बिजागऱ्या, हँडल, कुलपं, फेविकॉल, स्क्रू, कडेच्या पट्ट्या मिळून 6,500. मालाचे 35,800 झाले. त्यावर 18 टक्के जीएसटी, 6,444. मिस्त्रीची हजेरी 1,000 धरा, हेल्परची 600 धरा आणि काम 7 दिवसांचं. मजुरी 11,200. सगळं मिळून 53,444 रुपये. तुमच्या गल्लीत दर थोडे वरखाली असतील, पण प्रमाण फारसं हलणार नाही.

त्या प्रमाणाकडे बघा. मजुरी एकूण खर्चाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकी आहे. त्यातही खुद्द मिस्त्रीच्या हातात 7,000 पडले, म्हणजे शंभरातले 13 रुपये. सरकारच्या हातात 6,444 गेले. ज्याने माप घेतलं, कापलं, जोडलं, घासलं, दारं टांगली, त्याची कमाई आणि नुसता कर यांत साडेपाचशेचाच फरक. आणि घरमालक “हजार कमी करा” म्हणतो तेव्हा तो त्या मिस्त्रीचा एक पूर्ण दिवस मागत असतो. त्याच्या एकूण खर्चात त्याने दोन टक्केही वाचत नाहीत.

बरं, मिस्त्री हजार रुपये कमी करतो. गिऱ्हाईक सुटू नये म्हणून करतो. मग तो हजार कुठून तरी भरून निघतोच, आणि तो निघतो तुमच्या कपाटातून. सात फुटी दाराला चार बिजागऱ्या लागतात. तीनवर भागवलं तरी पहिल्या वर्षी काही कळत नाही. नंतर दार खाली ओढलं जातं, शेजारच्या दाराला घासतं आणि बिजागरीचे स्क्रू प्लायमधून ढिले होतात. स्क्रूच्या जागी गनची पिन मारली तर काम झपाट्याने उरकतं, पण पकड राहत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे दाराच्या आतल्या बाजूचं लॅमिनेट गाळणं. आत कोण बघतं, असं वाटतं. पण एकाच अंगाला लॅमिनेट लावलेलं दार दोन्ही अंगांनी सारखी ओल घेत नाही, एका बाजूने ताणलं जातं आणि त्याला बाक येतो. मग दार बंद केलं की वरचा कोपरा बोटभर बाहेर. “प्लाय खराब निघालं,” म्हणून दुकानदाराला शिव्या बसतात. प्लायचा दोष नसतो. पातळ लॅमिनेटच्या एक-दोन शीट वाचवलेल्या असतात, आणि त्या कोणी वाचवायला लावल्या ते घरमालकाने आठवावं.

दुसरी वाट दुकानातून जाते. मिस्त्रीने गिऱ्हाईक आणलं की दुकानदार त्याला टक्का देतो, ही गोष्ट या धंद्यात लपून राहिलेली नाही. प्लायवर, लॅमिनेटवर, हार्डवेअरवर. तो टक्का दुकानदार पदरचा देत नाही. तुमच्याच बिलात बसवतो. मला या टक्क्याची मनापासून चीड आहे, कारण त्याने मिस्त्रीची निष्ठा घरमालकाकडून दुकानदाराकडे जाते. जास्त टक्का देणारं दुकान चांगलं ठरतं आणि तिथलं प्लाय चांगलं ठरतं. पण या चिडीचा निम्मा वाटा मी घरमालकाला देतो. समोरासमोर हजार कापले की मागच्या दाराने दोन हजार जातात, आणि वर माल कोणत्या दर्जाचा आला हे कळायला मार्ग उरत नाही. मजुरी पुरेशी द्या, उघड द्या, दुकानात मिस्त्रीला घेऊन जाल त्या दिवसाची हजेरीही द्या आणि स्पष्ट सांगा, “टक्का बिलातून वजा करायला लावा.” पोटभर मजुरी मिळणारा मिस्त्री हे ऐकतो. ज्याची मजुरी खरवडली आहे त्याला हे सांगायचा तुम्हाला अधिकार नाही.

सुताराला दारात उभं करून त्याचा भाव पाडायची पद्धत आपल्याकडे तशी अलीकडचीच आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ 1915 सालचं. त्यातला सुतार बलुत्याच्या वरच्या ओळीतला मानकरी आहे. नांगर, कुळव, पाभर, गाडीचं चाक हे सगळं त्याच्या वाकसाखालून जायचं, आणि सुगीत खळ्यावर त्याचा वाटा त्याला मिळायचा. त्या व्यवस्थेचे गोडवे मी गाणार नाही. जातीने बांधलेला माणूस आपल्या कामाचा भाव स्वतः ठरवू शकत नव्हता. पीक बुडालं की त्याचंही वर्ष बुडायचं. ती मोडली, बरंच झालं. मोडायला आपल्याच भागातून मोठा हात लागला. 1910 साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी ती हीच. तिथून लोखंडी नांगर गावोगाव गेले आणि गावच्या सुताराचा लाकडी नांगर मागे पडत गेला. पुढे ट्रॅक्टर आला, बैलगाडी गेली. सुतार शेतातून उठला आणि चौकटी, दारं, पलंग, कपाटं करत घरात आला.

बलुत्यातलं धान्य बंद झालं, पण बलुत्यातली मागणी आपण सोडली नाही. “मिस्त्री, आलाच आहात तर जाता जाता एवढं दार बघा.” “तेवढी फळी मारून द्या, पाच मिनिटांचं काम.” वर्षाच्या धान्यात दुरुस्ती येत होती तेव्हा असं म्हणायला जागा होती. आता त्या पाच मिनिटांचे पैसे कोणी देत नाही, आणि वर “हल्ली किरकोळ कामाला सुतार मिळत नाहीत” म्हणून गळा काढायचा. मिळणार कसे? हत्यारांची पिशवी गाडीला अडकवून साताऱ्यात पोवई नाक्यावरून गोडोलीला यायचं, काम करायचं, परत जायचं, यात अर्धा दिवस जातो. त्याची अर्धी हजेरी 500 रुपये होते. वॉशिंग मशीनचा मेकॅनिक आला की नुसतं झाकण उघडायचे पैसे आपण मुकाट देतो. सुताराने 500 मागितले की डोळे मोठे होतात.

आणि हे पाच मिनिटांचं काम तरी काय असतं? साताऱ्याचा पाऊस लागला की लाकडी दारं फुगतात. लाकूड ओल पितं आणि रेषांना आडवं, म्हणजे दाराच्या रुंदीत वाढतं. उंचीत जवळजवळ नाही. श्रावणात संडासाचं दार लागेनासं झालं की घरातलं कोणी तरी लाथ मारून लावतं, चार दिवसांनी बिजागरी उखडते आणि मग मिस्त्रीला फोन जातो. जाणता मिस्त्री आल्या आल्या रंधा काढत नाही. दार हळूहळू ओढून बघतो, कुठे घासतं तिथे पेन्सिलची खूण करतो, बिजागरीचे स्क्रू आवळून बघतो. पुष्कळदा घासणं बिजागरी ढिली झाल्याचं असतं, लाकडाचा काही दोष नसतो. खरंच फुगलं असेल तर दार उतरवतो, कडेवर उभं करतो आणि खूण केली तेवढ्याच भागावरून दोन-तीन हात फिरवतो. पातळ, कागदासारखी साल निघते. मग त्या उघड्या कडेला पॉलिश किंवा रंग लावून बंद करतो, कारण ती उघडी राहिली तर पुढच्या पावसात तिथूनच ओल शिरणार. अडाणी माणूस पाव इंच उडवून मोकळा होतो. घरमालक खूश होतो, आणि उन्हाळ्यात दार आटलं की फटीतून पलीकडचं दिसायला लागतं. यातला चांगला कारागीर कधी कधी हात न लावताच सांगतो, “दिवाळीपर्यंत थांबा, मोकळं होईल.” त्याने काही केलं नाही, म्हणून त्याला चहावर वाटेला लावायचं? त्याचं सांगणं हेच त्याचं काम होतं. त्याचेही पैसे होतात.

कसबाचे पैसे कसे मोजतात ते बघायचं तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एक तंबोरा होताना बघा. फरीदसाहेब या कारागिरापासून चालत आलेली ती कारागिरी, शिकलगार घराण्यांनी हत्यारांवरून वाद्यांवर वळवलेली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे कोणी चौरस फुटाचा भाव विचारत नाही. भोपळा कसा, लाकूड कोणतं, जवारी कोणी काढली, यावर किंमत ठरते. त्याच तालुक्यात देव्हारा करणाऱ्या माणसाला मात्र आपण “लेबर रेट” विचारतो. हातातलं कसब दोघांचंही आहे.

सांगलीकरांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. कृष्णेची आयर्विन पुलाजवळची धोका पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. जुलै 2021 मध्ये पुन्हा 50 च्या वर. पूर ओसरल्यावर गावभागात, सांगलीवाडीत, हरिपूरकडे रस्त्यांवर जे ढीग लागले त्यांत फर्निचर किती होतं, ते तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. भुश्शाच्या पाट्या म्हणजे पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ पावासारखे फुगले. स्वस्तातल्या प्लायचे थर पानांगत सुटले. जुनी सागवानी आणि शिसवी कपाटं मात्र लोकांनी धुऊन, सावलीत वाळवून पुन्हा जागेवर ठेवली. वाईजवळ मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा याच कृष्णेच्या काठावर अठराव्या शतकापासून उभा आहे, त्याच्या लाकडी खांबांसकट. सगळ्यांनी सागवान वापरावं असं मी म्हणत नाही. ते परवडत नाही. पण नदीकाठच्या तळमजल्यावर ओट्याखाली प्लायचे खोके बसवणं हा पैशांचा चुराडा आहे. पूर्वीसारखे कडाप्प्याचे उभे-आडवे कप्पे करा, दारं तेवढी प्लायची लावा. पाणी आलं तर दारं उतरवून माळ्यावर टाकता येतात. मिस्त्रीला हे सांगाल तर तोही सुटकेचा श्वास टाकेल. त्याला ते खोके दर पुरानंतर फोडून काढायचा कंटाळा आलेला आहे.

आणि प्लायवर “मरीन” असं मोठ्या अक्षरांत छापलंय म्हणून भुलू नका. शीटवर आयएसआयचा शिक्का आणि त्याच्या वरचा आकडा वाचा. आयएस 303 हे साधं, घरगुती वापराचं. आयएस 710 हे खरं मरीन. त्याचा तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवूनही थर सुटता कामा नयेत, अशी त्याची कसोटी आहे. एवढं महागाचं प्लाय आणून त्यावर लॅमिनेट चिकटवायला साधा पांढरा गोंद वापरला तर पाण्यात प्लाय टिकेल आणि लॅमिनेट सोलून येईल. पाण्यात टिकणारा गोंद वेगळा मिळतो, थोडा महाग असतो. मजुरीत हजार कापणाऱ्याने या गोंदाचं नाव तरी विचारलंय का?

आता मिस्त्रीच्या हाताबद्दल. गोल पात्याची मशीन जमिनीवर उलटी बसवून, वरचं संरक्षक झाकण काढून टाकून, त्यावर प्लाय ढकलत कापणारे सुतार कुठल्याही चालू बांधकामावर दिसतात. झाकणाने काम हळू होतं, आणि उक्त्या कामात हळू म्हणजे तोटा. ज्याने मजुरी दाबली त्याने ते झाकण काढायला हातभार लावला, असं मी स्वच्छ म्हणतो. बोट गेलं तर कोटेशनमध्ये त्याचा रकाना नसतो. लाकडाचा भुसा तर रोज छातीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 सालीच लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणारी ठरवली. तरी काम चालतं ते बंद खोलीत, पंखा बंद, खिडक्यांना कागद, कारण “धूळ शेजारी जाते”. खिडकी उघडा. शेजाऱ्याला आधी सांगून ठेवा. चांगला मास्क शंभर-दीडशेला मिळतो. सामानाच्या यादीत तो लिहा आणि पैसे तुम्ही द्या.

सरकारने 17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना आणली. 18 व्यवसायांत सुतार आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज 500 रुपये, हत्यारांसाठी 15,000, आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, नंतर 2 लाखांचं कर्ज. चांगली गोष्ट आहे, घ्यावी. पण 15,000 ची हत्यारं देऊन कारागिराचा संसार उभा राहत नाही. तो रोजच्या हजेरीवर उभा राहतो, आणि ती हजेरी तुम्ही-आम्ही ठरवतो. मिस्त्रीच्या पोराला हा धंदा नको आहे, तो शिरवळच्या नाहीतर कुपवाडच्या एमआयडीसीत जातो, कारण तिथे महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार होतो. मग गावात हात उरतात ते बहुतेक राजस्थान आणि उत्तर प्रदेशातून आलेल्यांचे. त्यांचं काम वाईट नाही, कित्येकांचं उत्तम आहे. पण 2020 च्या टाळेबंदीत ते गावी गेले तेव्हा अर्धी राहिलेली स्वयंपाकघरं महिनोन् महिने तशीच पडली होती.

मिस्त्रींनाही सोडायचं कारण नाही. निम्मी उचल घ्यायची, दोन दिवस फळ्या कापून पसारा मांडायचा आणि तिसऱ्या दिवसापासून फोन बंद ठेवायचा, हे सर्रास चालतं. एकाच वेळी तीन ठिकाणी काम धरलेलं असतं. “उद्या येतो” हे वाक्य इतकं झिजलंय की त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि त्याची किंमत प्रामाणिक मिस्त्रीलाही मोजावी लागते. दिवाळीच्या तोंडावर सहा घरांना शब्द देऊन पाच घरं नाराज करणाऱ्याने मजुरी कमी मिळते म्हणून रडू नये.

दोन्ही बाजूंच्या तक्रारींवर उतारा एकच, कागद. वहीचं साधं पान चालेल. त्यावर प्लाय किती एमएमचं आणि कोणत्या आयएस नंबरचं, दाराला बिजागऱ्या किती, आतून लॅमिनेट आहे की नाही, माप दर्शनी धरायचं की प्रत्यक्ष, माळा त्यात की वेगळा, टेम्पोचं भाडं आणि जिन्यावरून शीट चढवायची हमाली कोणाची, हे लिहा. हमालीवरून झालेली भांडणं मी कपाटावरून झालेल्या भांडणांपेक्षा जास्त पाहिली आहेत. पैसे टप्प्याने द्या: माल आल्यावर थोडे, सांगाडा उभा राहिल्यावर थोडे, दारं लागल्यावर थोडे. एक तुकडा मागे ठेवा आणि तो महिन्याने द्यायचा असं त्याच कागदावर लिहा, म्हणजे मिस्त्रीच्या मनात शंका नको. त्या महिन्यात दार घासतं का, ड्रॉवर अडतो का, कडेची पट्टी सुटते का, सगळं दिसून येतं. आणि महिना नीट गेला तर मिस्त्रीच्या फोनची वाट बघू नका. त्याच दिवशी पैसे पाठवा, ठरलेले सगळे.